ॲडमिरलशी एक शब्द बोलायचा नाही!

"जेवताना पुढ्यात जनावर नाचवलं म्हणून कोंबडीची चव बदलते होय? मूर्ख बनवतात गं तुम्हाला, चक्क मूर्ख!"

रॉस्को टिलमननं हे जाहीर केलं तेव्हा सायप्रस शेड्समधली निम्मी वस्ती पोहण्याच्या तलावात डुंबत होती. सायप्रस शेड्स म्हणजे फ्लोरिडातल्या किसिमी गावातली फिरत्या घरांची वसाहत. फिरती आपली नावालाच! एकदा इथे येऊन टेकलेलं घर आणि एकदा इथे येऊन टेकलेला माणूस, दोघंही पुन्हा जागचे हलत नाहीत.

आर्लीन कमरेइतक्या पाण्यात उभी होती. डोक्यावर रबरी फुलांची टोपी, चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं तेज. कारण ती आदल्याच दिवशी नेपच्यून बे नावाच्या पार्कात जाऊन आली होती. तिथे तलावाकाठी टेबलं मांडतात, तुम्ही जेवता, आणि समोर ॲडमिरल नावाचा सी-लायन टाळ्या वाजवतो, सलाम ठोकतो, चेंडू नाचवतो. ही हकिगत ती सकाळपासून येईल त्याला ऐकवत होती. पोस्टमनसुद्धा सुटला नव्हता.

"तू त्या तलावाकाठी जेवलायस का कधी? नाही ना? मग बोलू नकोस," आर्लीन म्हणाली. "माझ्याकडे बघून त्यानं मान डोलावली, रॉस्को! माझ्याकडे बघून!"

"त्याच्या पुढच्या बाईकडे बघूनही डोलावली असेल. मासळी मिळते ना त्याला त्याची."

"मी त्याला म्हटलं, ॲडमिरल, काय रे बाबा, दमलास का? तर त्यानं हं केलं."

"तू बोललीस त्याच्याशी?" रॉस्को खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "हर्शेल, ऐकलंस? आपली आर्लीन आता जनावरांशी बोलते! उद्या पाण्याच्या पंपाशी बोलेल!"

हर्शेल पाण्यावर उताणा तरंगत होता. हा ओहायोतला निवृत्त शाळा-बसचालक. सगळं आयुष्य पोरांची भांडणं सोडवण्यात गेलं, त्यामुळे वस्तीत कुठेही दोन माणसं हमरीतुमरीवर आली की हा आपोआप पंच. त्यानं एक डोळा उघडला.

"लावा पैज," तो म्हणाला. "रॉस्कोनं जायचं, जेवायचं. ज्याला खरंच पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात तो काही जनावराशी गप्पा मारत बसत नाही. तेव्हा रॉस्को त्या ॲडमिरलशी एक शब्द जरी बोलला, तरी पैसे वसूल आणि रॉस्को हरला. तोंड मिटून जेवून आला, तर आर्लीन हरली."

"कबूल!" रॉस्को गरजला. "मला बोलतं करणारं जनावर अजून जन्माला यायचंय!"

"आणि हरणाऱ्यानं काय करायचं?" आर्लीननं विचारलं. मग उत्तरही तिनंच दिलं. तिच्या डोक्यात ते तयारच असावं. "रविवारच्या अंगतपंगतीला, अख्ख्या वस्तीसमोर, इथे या काठावर पोटावर पडायचं. सी-लायनसारखं भुंकायचं. आणि मी फेकलेली तारली मासळी तोंडात झेलायची. हात लावायचा नाही! झेलेपर्यंत उठायचं नाही!"

झालं! लागली पैज.

आता हा रॉस्को काय चीज आहे ते सांगायला हवं. वय पंचावन्नच्या आसपास, धंदा एसी दुरुस्तीचा. आमच्या फ्लोरिडात एसी बंद पडला की दुरुस्तीवाल्याला लोक देव आल्यासारखे घरात घेतात. आणि तो सुरू झाला की? देवाला दारापर्यंत सोडायलाही कुणी उठत नाही! उरलेला वेळ रॉस्को खोड्या काढायचा. आर्लीनच्या टबात प्लास्टिकची मगर सोडायची. वस्तीच्या अंगणांतले झाडून सगळे प्लास्टिकचे फ्लेमिंगो पक्षी पहाटे उपटून हर्शेलच्या खिडकीकडे तोंड करून रांगेत उभे करायचे. लोक चिडायचे, तणतणत येऊन त्याच्या दारावर धडका द्यायचे, शिव्या हासडायचे. आणि रॉस्को दार उघडून म्हणायचा, "आलाच आहात तर बिअर घेणार का?"

कुणीच घ्यायचं नाही. शिव्या देऊन निघून जायचे. पण निदान दार तर वाजायचं!

कारण एरवी ते वाजत नसे. संध्याकाळी रॉस्को स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभ्यानंच जेवायचा, डबा फोडून, त्याच डब्यातून. टेबल होतं घरात. पण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. उभ्यानं जेवताना समोर फक्त नळ असतो, आणि नळाकडून माणसाची काही अपेक्षा नसते.

बायको? होती. त्याबद्दल वस्तीत कुणी विचारलं की रॉस्को थापा मारायचा. आर्लीनला सांगितलं होतं, ती सर्कशीत सुऱ्या फेकते. हर्शेलला सांगितलं होतं, ती सरकारी हेर आहे, जास्त विचारू नकोस, जिवावर बेतेल. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे याच थापांनी त्याचा घात केला.

गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडच्या जेवणाच्या वेळेला, ऊन चांगलं टळटळीत असताना रॉस्को नेपच्यून बेमध्ये दाखल झाला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. का, ते त्याचं त्यालाच माहीत.

तलावाकाठच्या हॉटेलात मारिसेल नावाची वाढपीण होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, माया अशी की ग्राहकाला शिंक आली तरी हिच्या डोळ्यांत पाणी. तिनं हसून विचारलं, "आज काही विशेष, सर? काही साजरं करताय?"

बस्स! इथेच सगळं फिसकटलं. कारण या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस फ्लोरिडात सापडणार नाही. "नाही" म्हणणारे सगळे बाहेरगावचे. इथल्या माणसाला पक्कं माहीत असतं की "वाढदिवस" म्हटलं की केक फुकट. आमच्या हर्शेलनं आजवर खाल्लेले फुकटचे केक मोजले तर त्याचं वय हजार वर्षांच्या रेडवुडच्या झाडाइतकं भरेल! पण रॉस्कोची पंचाईत अशी की त्याचा वाढदिवस याच पार्कातल्या पॅनकेकवाल्याकडे मागच्याच महिन्यात होऊन गेला होता, आणि पार्काच्या वर्षभराच्या पासवर त्याची नोंद पडलेली. मग त्यानं तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

"लग्नाचा वाढदिवस!"

"अगंबाई!" मारिसेल एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाजूच्या टेबलावरच्या बाळानं भोकाड पसरलं. "अभिनंदन सर! चला, तुम्हाला अगदी पाण्याला लागून टेबल देते! आणि बाईसाहेब?"

"त्या... वॉशरूमला गेल्यात," रॉस्को म्हणाला. मनात म्हणाला, वा! आता दोन केक!

टेबल खरोखर फक्कड होतं. दोन खुर्च्या, दोन्हींना पांढऱ्या रिबिनी. दोन ताटं, दोन पेले, अभिनंदनाचे दोन बिल्ले. एक बिल्ला मारिसेलनं रॉस्कोच्या छातीवर लावला, दुसरा समोरच्या रिकाम्या ताटात अलगद ठेवला. रॉस्कोनं त्या ताटाकडे पाहिलं आणि घाईघाईनं मान खाली घालून कोंबडी तोडायला लागला.

तिकडे खेळ सुरू झाला. ॲडमिरल पाण्यातून धाडकन कट्ट्यावर आला. काय तो देह! तेल लावलेला सोफाच जणू! मिशा थेट हर्शेलसारख्या. त्यानं सलाम ठोकला, टाळ्या वाजवल्या, नाकावर चेंडू घेतला. लोक "ओहो! आहा!" करताहेत. रॉस्को आपला कोंबडीकडे बघून चावतोय. ओठ असे मिटलेले की जणू टाके घातलेत. पैज म्हणजे पैज!

मारिसेल आली. "बाईसाहेब अजून नाही आल्या?"

"येतील, येतील. त्यांना वेळ लागतो."

थोड्या वेळानं पुन्हा आली. "मॅकरोनी गार होतेय हो त्यांची."

"गारच आवडते त्यांना."

बिचारीला राहवेना. ती निघाली तडक बायकांच्या वॉशरूममध्ये, आणि एकेका दारावर टकटक करत गेली. "बाईसाहेब! लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! साहेब वाट बघताहेत!" आतून एक विस्कॉन्सिनची थोराड म्हातारी बाहेर आली. योगायोग बघा, त्या बाईचाही त्या आठवड्यात लग्नाचा वाढदिवस! ती खूश. मारिसेलनं तिला हाताला धरून, मिरवत आणून रॉस्कोसमोर बसवलं.

रॉस्कोनं मान वर केली. म्हातारीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"का गं," ती मारिसेलला म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं काय केलंत तुम्ही? हा जरा बरा दिसतोय, पण हा माझा नव्हे!"

"ए बाबा!" पलीकडच्या टेबलावरून एक टकलू म्हातारा काटा उगारत उठला. "माझी आहे ती! इतकी वर्षं सांभाळलीय, आता फुकटात घेऊन जातोस?"

"घ्या हो तुमची!" रॉस्को हात जोडून म्हणाला.

"म्हणजे नकोय तुला मी?" म्हातारी उलटी भडकली.

हा गोंधळ निस्तरतोय तोवर मारिसेलचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. वॉशरूम रिकामी. म्हणजे बाईसाहेब हरवल्या! तिनं धावत जाऊन सुरक्षारक्षकाला आणलं. हा सहा फुटी गडी, कमरेला वॉकीटॉकी आणि चेहऱ्यावर भाव असा की आयुष्यभर याच एका दिवसाची वाट पाहिली.

"मॅडमनी काय घातलं होतं?" त्यानं विचारलं.

रॉस्कोच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "निळा झगा. पांढऱ्या ठिपक्यांचा."

"सोबत काय होतं?"

"सुटकेस."

"जेवायला येताना सुटकेस?"

बायकोला, ग्वेनला, त्यानं शेवटचं पाहिलं ते तसंच, घर सोडून जाताना. निळा झगा, हातात सुटकेस. आता दुसरं कुठून सांगणार?

रक्षकानं तलावाकडे पाहिलं. मग सुटकेसचा विचार केला. मग पुन्हा तलावाकडे पाहिलं. मग वॉकीटॉकी तोंडाशी नेऊन म्हणाला, "पाणबुडे पाठवा. तलाव रिकामा करायचाय."

आणि बघता बघता सगळं ठप्प! संगीत बंद. ट्रेनर पोरीच्या हातातली मासळीची बादली तशीच अधांतरी. ॲडमिरल टाळीसाठी उचललेला वल्ह्यासारखा पंजा तसाच धरून बसला. दोन पाणबुडे धावत आले आणि एका पायावर उड्या मारत मारत काळे सूट चढवू लागले. सगळं हॉटेल रॉस्कोकडे बघतंय. विस्कॉन्सिनची म्हातारी तर नवऱ्याच्या कानात खुसफुसली, "मला आधीच वाटलं होतं, याची नजर धड नाही!"

रॉस्कोला दरदरून घाम फुटला. आता? केकसाठी थाप मारली म्हणावं? या इतक्या माणसांसमोर? त्यानं नुसती मान हलवली. नाही. शोधू नका.

मारिसेल त्याच्याजवळ वाकली. त्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, ताटातल्या बिल्ल्याकडे पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. तिचा हात तोंडावर गेला.

"सर..." ती हळूच म्हणाली. "बाईसाहेब आता या जगात नाहीत का हो?"

एका बाजूला रक्षक. एका बाजूला पाणबुडे, एकाचा पाय सुटात अडकलेला. रॉस्कोनं क्षणभर विचार केला. आणि मान होकारार्थी हलवली.

मारली! टँपा शहरात धडधाकट, दाताच्या डॉक्टरच्या घरी त्या वेळी बहुधा टीव्ही बघत बसलेली बाई एका मानेच्या झटक्यात मारून टाकली!

त्यापुढे जे झालं ते विचारू नका. रक्षकानं टोपी काढून छातीशी धरली. पाणबुडे एका पायावर स्तब्ध. विस्कॉन्सिनची म्हातारी "माझ्या राजा रे!" करत आली आणि रॉस्कोचं डोकं छातीशी दाबून धरलं. त्याचा जीव गुदमरला, पण सुटका नाही! मारिसेल तर हुंदके देत ट्रेनर पोरीकडे गेली. त्या पोरीनं माइक हातात घेतला, आवंढा गिळला आणि म्हणाली, "मंडळी, आज इथे एक गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीसोबत लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेत. आम्ही असं कधीच करत नाही. पण ॲडमिरलला त्यांच्यासोबत बसायचंय."

आणि ते धूड थपक थपक करत, कट्टा उतरून, टेबलांमधून वाट काढत रॉस्कोच्या टेबलाशी आलं. ट्रेनरनं खुणावलं. ॲडमिरलनं एक पंजा खुर्चीवर टाकला, मग छाती, मग बाकीचा देह. खुर्ची कण्हली. रिबीन तुटली. तो ग्वेनच्या जागी बसला!

समोरासमोर. मध्ये गार मॅकरोनी.

रॉस्कोनं ओठ घट्ट मिटले. पैज! रविवार! तारली! त्यानं पाव उचलला, लोणी लावलं. वर पाहिलं. ॲडमिरल बघतोय. मीठ घेतलं. वर पाहिलं. अजून बघतोय. मासळीचा दर्प असा की नाकातले केस जळावेत. पण डोळे! काळेभोर, ओले, आणि ते रॉस्कोवरून हलेचनात. त्याच्या खांद्यामागच्या टीव्हीकडे नाही, हातातल्या मोबाइलकडे नाही. रॉस्को जेवताना त्याच्याकडे कुणी असं बघितल्याला किती काळ लोटला होता कुणास ठाऊक!

"काय बघतोस?" रॉस्को म्हणाला.

गेली! पैज गेली! त्याला कळलं ते. जीभ चावली त्यानं. पण म्हटलं, आता गेलीच आहे तर...

"कोंबडी वातड आहे," त्यानं सांगितलं.

"ऑर्क," ॲडमिरल म्हणाला.

"हो ना! मी तेच म्हणत होतो आर्लीनला. ऐकतच नाही ती. आज सकाळी एकीच्या घरी गेलो होतो एसी बघायला. छतावर उन्हात भाजून निघालो रे. पाणी मागितलं, तर म्हणते कशी, बागेतला नळ आहे की! आणि ऐक, ते संध्याकाळच्या बातम्यांवाले गृहस्थ आहेत ना, त्यांनी केस रंगवलेत. माझ्या लगेच ध्यानात आलं. कुणाला सांगणार? सांगायला कुणी असतं का घरी? आता तूच सांग, असं काही दिसलं की माणूस लगेच मान वळवतो. तशी मी वळवतो अजून. सवयीनं. आणि तिथे कुणी नसतं."

ॲडमिरलनं मान डोलावली. अर्थात बाजूला ट्रेनर पोरगी उभी होती, ती बोट हलवत असणार, आणि बादलीत मासळी होतीच. रॉस्कोला हे सगळं कळत होतं. जन्मभर दुसऱ्यांना बनवत आलेला माणूस तो! तरी तो बोलत राहिला. गुडघ्याबद्दल बोलला, गाडीच्या टायरबद्दल बोलला, चिकटपट्टीनं जोडलेल्या चष्म्याबद्दल बोलला. केक आला, तो खायचा राहिला. शेवटी ट्रेनर म्हणाली, "सर, त्याला आता पाण्यात जायला हवं हो." तेव्हा कुठे रॉस्कोला दिसलं की सगळं हॉटेल रडतंय. आणि रडता रडता प्रत्येकानं मोबाइल वर धरलाय.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. रॉस्को आठवू लागला, काल कुणाची खोडी काढली आपण? कुणाचीच नाही!

दारात आर्लीन. रबरी टोपी नाही, डोळे सुजलेले, हातात काचेचा मोठा ट्रे. ओव्हनमध्ये भाजलेले ट्यूना आणि नूडल्स, वर चीज.

"पाहिला व्हिडिओ," ती म्हणाली. "सगळ्या वस्तीनं पाहिलाय. अरे गाढवा, बोलायचं नाहीस का इतकी वर्षं? सर्कशीत सुऱ्या फेकते म्हणे! आणि मी ते ऐकून हसत होते रे!"

रॉस्कोनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात आर्लीन आत शिरली होती, टेबल पुसून दोन ताटं मांडत होती. त्यानं तोंड मिटलं.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की शेजारीपाजारी असं भाजलेलं जेवण आणतात. ट्रेच्या बुडाला नावाची चिकटपट्टी, म्हणजे भांडं परत करायला विसरू नये. दुपारपर्यंत रॉस्कोच्या फ्रिजमध्ये अशा चिकटपट्ट्यांची अख्खी मतदारयादी जमली! फरसबी, बटाटे, हॅम, पुन्हा ट्यूना. हर्शेल आला तो हातोडी घेऊनच. न सांगता जाळीचं दार दुरुस्त केलं. जाताना खांदा दाबून एवढंच म्हणाला, "हेर होती म्हटल्यावर मला वाटलंच होतं, शेवट असाच होणार." ती थाप अजूनही त्यानं सोडली नव्हती!

"आणि पैज रद्द," आर्लीननं जाहीर केलं. "अशा माणसाकडून कसली वसुली? तारल्या आणून ठेवल्यात मी, त्या मांजरांना घालते."

त्या संध्याकाळी रॉस्को टेबलाशी बसून जेवला. समोरच्या खुर्चीवर आर्लीन होती. ती तोंडात घास ठेवून बोलत होती, मध्येच म्हणाली, "त्या बातम्यांवाल्यानं केस रंगवलेत रे, खरंच!" रॉस्कोनं जेवण पुरवून पुरवून खाल्लं. शनिवारी हर्शेलही पत्ते घेऊन आला. पत्ते पिसता पिसता रॉस्को एकदा खरोखर हसला, कुणाचीही खोडी न काढता!

पत्ते रंगात आलेले असतानाच फोन वाजला. नाव बघून रॉस्को फोन घेऊन न्हाणीघरात पळाला.

"रॉस्को," पलीकडून ग्वेन म्हणाली, "मला फुलं आली."

"छान..."

"माझ्याच मयताची! नवऱ्याच्या दवाखान्यातल्या पोरीनं मला बघून किंकाळी फोडली! माझी चुलत बहीण काळे कपडे घालून विमानात बसायला निघालीय! काय केलंस तू? मला मारलंस?"

"केकसाठी गं," रॉस्को पुटपुटला.

ग्वेन त्याला ओळखून होती. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. एवढं बोलतोस तू? माझ्याशी का नाही बोललास कधी? मला फक्त उशीत मगरी सापडायच्या."

बाहेरून हर्शेल ओरडला, "अरे, तुझी पाळी आहे!"

"उद्या अंगतपंगत आहे ना तुमची?" ग्वेन म्हणाली. "तिथे सगळ्यांना सांग मी जिवंत आहे. तू सांग, नाहीतर मी स्वतः गाडी काढून येते आणि तलावाच्या काठावर उभी राहते. निळाच झगा घालून!"

रात्री रॉस्को फ्रिज उघडून चिकटपट्ट्यांवरची नावं वाचत उभा राहिला. सांगितलं की संपलं. ताटं उचलून नेतील. दारं बंद. पुन्हा बेसिन आणि नळ. न सांगावं, तर ती येणार.

रविवारी अख्खी वस्ती तलावाकाठी जमली. लांब टेबलावर भांडी, मध्ये बर्फाच्या चहाची पिंपं. रॉस्कोला मानाची खुर्ची, सावलीतली! आर्लीननं पेला उंच केला. "आपल्या रॉस्कोच्या दिवंगत..."

"ती जिवंत आहे!" रॉस्को उभा राहून ओरडला.

कुणाच्या तरी हातून हॅमचा तुकडा पडला.

"टँपात असते. दाताच्या डॉक्टरशी लग्न केलंय तिनं. तब्येत ठणठणीत आहे. मी फुकटच्या केकसाठी लग्नाचा वाढदिवस सांगितला, मग ती सापडेना, मग पाणबुडे आले, मग..." त्याचा आवाज खाली आला. "तिला मारलं ते खोटं. बाकी त्या सी-लायनला जे सांगितलं ते सगळं खरं. पैज मी हरलोय, आर्लीन. पैसे वसूल झाले माझे."

हर्शेल विचारात पडला, "म्हणजे हेर नव्हती?"

आर्लीननं पेला खाली ठेवला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या आईची रेसिपी होती ती," ती म्हणाली. "माणूस गेल्याशिवाय करत नाही मी!" आणि गर्रकन वळून घराकडे चालायला लागली. मागोमाग खुर्च्या सरकल्या. कुणी भांड्यांवर झाकणं घालू लागलं. रॉस्को एकटाच मानाच्या खुर्चीशी उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून खिशात घातले, मग बाहेर काढले.

आणि आर्लीन परत आली! हातात बादली. तारल्यांची!

"बघतोस काय? हो आडवा!" ती कडाडली. "पोटावर! मांजरांच्या तोंडचा घास काढून आणलाय!"

झाकणं घालणारे हात थांबले. रॉस्को तसाच, इस्त्रीच्या शर्टासकट, काठावरच्या गरम फरशीवर पालथा पडला. दोन्ही हात बाजूला सी-लायनच्या पंज्यांसारखे फडफडवले. मान वर केली. "ऑर्क! ऑर्क! ऑर्क!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी.

पहिली तारली कपाळावर बसली. टाळ्या! दुसरी कानाला चाटून गेली. "अगं, जरा खाली!" लोक ओरडले. तिसरी शर्टाच्या आत! रॉस्को असा तडफडला की खरा सी-लायन लाजला असता! घरी निघालेले परत फिरले, खुर्च्या ओढून अगदी पुढे आणल्या. चार घरं पलीकडची कधी बाहेर न पडणारी बाईसुद्धा काठी टेकत आली आणि म्हणाली, "मला एक फेकू द्या की हो!"

पुढची तारली मात्र अगदी नेमकी आली. सरळ तोंडावर. नुसता जबडा उघडायचा अवकाश, आणि खेळ संपला असता. रॉस्कोनं ऐन वेळी मान किंचित डावीकडे केली. तारली गालावर आपटून पाण्यात पडली.

"हुकली!" सगळी वस्ती एकदम ओरडली.

त्याच्या पुढचीही हुकली. त्याच्याही पुढची. पश्चिमेला नेहमीचे काळे ढग जमले, दूर गडगडलं. एरवी एवढ्यावर सगळे आपापल्या घरात पळतात. आज कुणी उठलं नाही. हर्शेल नेम कसा धरावा यावर व्याख्यान देत होता, काठीवाली बाई रांग मोडून तिसऱ्यांदा पुढे घुसली होती.

बादली तळाला गेली तेव्हा आर्लीन खाली वाकली. रॉस्कोच्या नाकावर खवले, केसांत शेपटी. तिनं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

"मुद्दाम सोडतोयस तू," ती फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली.

"ऑर्क," रॉस्को म्हणाला.

आर्लीननं त्याच्या केसांतली शेपटी उपटून काढली. मग कंबर धरत उभी राहिली आणि रिकामी बादली उंच धरून ओरडली,

"हर्शेल, गाडी काढ! मासेमारीच्या आमिषाचं दुकान बंद व्हायच्या आत आणखी घेऊन ये! या ठोंब्याला आज काही जमत नाही!"